मिररलेस कॅमेरा : बीड जिल्ह्यातील निवड आणि वापर

मिररलेस कॅमेरा म्हणजे लेन्स बदलता येणारा, पण आत हलता आरसा नसलेला डिजिटल कॅमेरा. डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश आधी आरशावर पडतो आणि प्रिझममधून डोळ्यापर्यंत पोचतो. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि मग सेन्सरला प्रकाश मिळतो. मिररलेसमध्ये मधला आरसाच नाही. प्रकाश थेट सेन्सरवर येत राहतो आणि छायाचित्रकार सेन्सरने तयार केलेले चित्र मागच्या पडद्यावर किंवा छोट्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये पाहतो. फोटो काळा येणार की पांढराफटक, हे बटण दाबण्याआधीच दिसते. नवशिक्याला याचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कोणत्याही सोयीचा होत नाही.

एप्सनचा आर-डी१ हा रेंजफाइंडर २००४ मध्येच आरशाशिवाय आला होता, तरी आज ज्याला मिररलेस म्हणतात त्याची सुरुवात २००८ च्या पॅनासोनिक ल्युमिक्स जी१ पासून धरतात. २०१३ मध्ये सोनीने ए७ आणि ए७आर हे फुलफ्रेम कॅमेरे आणले. कॅनन आणि निकॉन त्यानंतरही बराच काळ डीएसएलआरवरच भर देऊन होते. २०१८ मध्ये निकॉनने झेड मालिका आणि कॅननने ईओएस आर आणल्यावर व्यवसायाचा कल पक्का झाला. आरसा गेल्याने माउंट आणि सेन्सर यांतले अंतर घटले. कॅननच्या जुन्या ईएफ माउंटमध्ये ते ४४ मिलिमीटर होते, नव्या आरएफमध्ये २०, निकॉनचे ४६.५ वरून १६ वर आले. ही रिकामी झालेली जागा भरणारा अडॅप्टर लावला की जुन्या लेन्स नव्या बॉडीवर चालतात. ज्याच्या कपाटात डीएसएलआरच्या चांगल्या लेन्स आहेत त्या स्टुडिओने आधी फक्त बॉडी आणि कंपनीचा अडॅप्टर घ्यावा. लेन्स विकण्याची घाई करू नये.

सेन्सरचे आकार : मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर १७.३ × १३ मिलिमीटरचा, एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ चा (कॅननचा थोडा लहान), फुलफ्रेम ३६ × २४ चा, आणि फुजीफिल्म जीएफएक्स व हॅसलब्लाड एक्स मालिकेतला मीडियम फॉरमॅट ४३.८ × ३२.९ चा. क्षेत्रफळाने फुलफ्रेम एपीएस-सीच्या सव्वादोन पटींहून अधिक भरतो. मीडियम फॉरमॅट मात्र फुलफ्रेमच्या पावणेदोन पटींपेक्षा थोडा कमीच. पहिल्या पायरीवर मिळणारी वाढ दुसऱ्या पायरीपेक्षा मोठी आहे आणि किमतीची चढण नेमकी उलटी आहे, हे खरेदीआधी ध्यानात ठेवायला हवे.

बीड जिल्ह्यातल्या स्टुडिओचे पोट मुख्यतः लग्नसराईवर चालते, म्हणून इथे कॅमेऱ्याची कसोटी अल्बमवर लागते. १२ × ३६ इंचांच्या जोडपानी अल्बमचे एक पान १२ × १८ इंचांचे. छपाईला इंचामागे ३०० बिंदू धरले तर त्याला ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेलच्या आत काम भागते. २४ मेगापिक्सेलचा कोणताही कॅमेरा ६००० × ४००० पिक्सेल देतो. चौकात लागणारा वाढदिवसाचा भलामोठा फ्लेक्स दुरून पाहिला जातो, त्यामुळे त्याला इंचामागे याहून बरेच कमी बिंदू पुरतात. थोडक्यात, जिल्ह्यातल्या बहुतेक छापील कामाला २४ मेगापिक्सेल पुरून उरतात आणि त्यावरचे पैसे लेन्सकडे वळवणे हाच शहाणपणा आहे.

पहिला कॅमेरा : कॅनन आर५०, निकॉन झेड३० आणि झेड५०-२, सोनी झेडव्ही-ई१० हे एपीएस-सी सेन्सरचे सुरुवातीचे कॅमेरे. यांतल्या झेड३० आणि झेडव्ही-ई१० ला व्ह्यूफाइंडर नाही. ते मुख्यतः स्वतःचे व्हिडिओ करणाऱ्यांसाठी बनवलेले आहेत आणि त्या कामाला उत्तम आहेत. परंतु चैत्र-वैशाखात बीडच्या उन्हात मागचा पडदा दिसत नाही. अंदाजाने फोटो काढावे लागतात. उघड्यावर काम करणाऱ्याने व्ह्यूफाइंडर असलेला आर५० किंवा झेड५०-२ घ्यावा. या चारही बॉडींमध्ये सेन्सर हलवून कंप शोषणारी यंत्रणा नाही. चालत व्हिडिओ करायचा असेल तर गिंबल किंवा स्थिरीकरण असलेली लेन्स लागते.

सोबत मिळणारी किट लेन्स दिवसा छान चालते, संध्याकाळी हात टेकते. आर५० सोबतची १८-४५ मिलिमीटर लेन्स झूम पूर्ण केल्यावर एफ/६.३ वर येते. ५० मिलिमीटरची साधी एफ/१.८ लेन्स तिच्या बारापट प्रकाश आत घेते. अंतरपाट धरलेला असतो, वर मांडवाचे रंगीत कापडी छत, लोक अक्षता टाकायला हात उगारून उभे, आणि हवा तो क्षण दोन-तीन सेकंदांत निघून जातो. तिथे बाराशे रुपयांच्या फरकाने बॉडी महागडी घ्यावी की नाही यावर खल करण्यापेक्षा ही छोटी लेन्स बॅगेत असणे कितीतरी महत्त्वाचे. फुलफ्रेमकडे जावे ते या अंधारासाठी आणि दोन कार्डांवर एकाच वेळी नोंद व्हावी यासाठी. लग्न पुन्हा लागत नाही. एक कार्ड बिघडले तर दुसऱ्यावर सगळे सुरक्षित राहते. सोनी ए७ ३, ए७ ४ किंवा निकॉन झेड६-२ या बॉडींमध्ये ही सोय आहे. आर५० सारख्या सुरुवातीच्या बॉडीत कार्डाची जागा एकच असते.

दिव्यांचा त्रास निराळाच. भारतातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून मंगल कार्यालयातल्या साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावले की फोटोत आडवे काळसर पट्टे उमटतात, कारण बहुतेक सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचले जातात. शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवले की पट्टे जातात. त्याहून वेगवान शटर हवे तर यांत्रिक शटर आणि फ्लिकर टाळण्याची सोय चालू करावी. एलईडी पडद्यांची वारंवारता वेगळी असल्याने तिथे शटरचा वेग बारीक पायऱ्यांनी बदलून पाहावा लागतो. २०२३ अखेरीस जाहीर झालेल्या सोनी ए९ ३ मध्ये सगळा सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे त्यात असे पट्टे पडत नाहीत. पण तो कॅमेरा लग्नाच्या साध्या बजेटमध्ये बसणारा नाही. वरातीतल्या डीजेच्या लेझर किरणांपासून मात्र प्रत्येकाने सावध राहावे. किरण थेट लेन्समध्ये शिरला तर सेन्सरवर कायमचे ठिपके किंवा रेघा पडू शकतात, आणि मिररलेसमध्ये सेन्सर झाकणारा आरसाही नसतो.

नायगाव आणि उसाचा फड : पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये जाहीर झाले; क्षेत्र सुमारे ३० चौरस किलोमीटर. मोराचा पिसारा पावसाळ्याच्या आसपास पूर्ण भरात असतो आणि पहाट व संध्याकाळ याच त्याच्या वेळा. इथे लहान सेन्सर उपयोगी पडतो. कॅननच्या एपीएस-सी बॉडीवर ४०० मिलिमीटर लेन्सची चौकट फुलफ्रेमवरच्या ६४० मिलिमीटरइतकी दिसते. मायक्रो फोर थर्ड्सवर ३०० मिलिमीटर लेन्स ६०० चे काम करते आणि खांद्यावरचे ओझे निम्म्यावर येते. पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरून ठेवणारी यंत्रणा आता मधल्या किमतीच्या बॉडीतही असते, आणि काटेरी झुडपाआड चालणाऱ्या मोरावर तिचा खरा कस लागतो. मोर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. चांगल्या फोटोसाठी त्याचा पाठलाग करणे किंवा घरट्याजवळ जाणे गुन्ह्याच्या वाटेवरचे पाऊल ठरते.

जिल्ह्यातले ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकाकडे निघतात. हे स्थलांतर टिपू पाहणाऱ्या पत्रकाराला किंवा विद्यार्थ्याला मोठी लेन्स उपयोगाची नाही. ती माणसाला आणि कॅमेऱ्याला एकमेकांपासून तोडते. एपीएस-सी बॉडी, २३ किंवा ३५ मिलिमीटरची छोटी लेन्स आणि मूक शटर एवढे पुरे. कामगारांच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, शिरण्याआधी घरच्या बाईमाणसाची संमती घ्यावी; लेन्सची निवड त्यानंतरची.

ऊन, धूळ, पाऊस : बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराचे कमाल तापमान ४० अंश सेल्सिअस दिलेले असते, आणि मे महिन्यात बीडचा पारा त्यापुढे जातो. लांब व्हिडिओ घेताना कॅमेरा तापून बंद पडला तर तो बिघाड मानू नये. सावली, मागचा पडदा बॉडीपासून उघडून ठेवणे आणि कमी रिझोल्यूशन हे त्यावरचे उपाय. बॅटरीही सांभाळावी लागते. डीएसएलआर असलेल्या निकॉन डी८५० ची प्रमाणित क्षमता १८४० फोटोंची, तर सोनी ए७ ३ ची व्ह्यूफाइंडर वापरल्यास ६१०. बहुतेक नव्या बॉडी यूएसबी-सीवर चार्ज होतात, त्यामुळे वीज गेली तरी पॉवरबँकवर दिवस निघतो. परळीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या परिसरात हवेतली राख सेन्सरवर बसते. लेन्स बदलताना कॅमेरा बंद करून माउंटचे तोंड खाली ठेवावे, गाडीच्या आडोशाला उभे राहावे आणि धूळ रबरी ब्लोअरने उडवावी. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे डाग पडतात. पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा किंवा कपिलधार करून आल्यावर लेन्स ओल्या बॅगेत तशीच ठेवली तर आत बुरशी धरते. सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

मीडियम फॉरमॅट : बीड पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि त्या दरबारचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ मोठ्या काचपट्ट्यांवर काम करत. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचपट्ट्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. मोठ्या पृष्ठभागावर बारीक तपशील टिकतो हे तत्त्व आजही तेच आहे. आरसा नसलेला पहिला डिजिटल मीडियम फॉरमॅट कॅमेरा, हॅसलब्लाड एक्स१डी, २०१६ मध्ये जाहीर झाला; २०१७ मध्ये फुजीफिल्म जीएफएक्स ५०एस बाजारात आला आणि २०१९ च्या जीएफएक्स १०० ने मेगापिक्सेल १०२ वर नेले. जीएफएक्स १००एस चे वजन ९०० ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे तो हातातही धरता येतो. मात्र १०२ मेगापिक्सेलची १६ बिटची संक्षेप न केलेली एक फाइल २०० मेगाबाइटच्या घरात जाते. एका लग्नाच्या तीन हजार फोटोंना मग सहाशे गिगाबाइट लागतील, आणि ते उघडायला तसा संगणक. सेन्सर सावकाश वाचला जात असल्याने पळत्या वरातीत तो मागे पडतो. लग्नासाठी हा कॅमेरा घेऊ नये.

त्याची जागा वेगळी आहे. बीड शहरातले कुंडाच्या पाण्यात उभे असलेले कंकाळेश्वर मंदिर, अंबाजोगाईच्या हत्तीखाना लेण्यातले दगडी हत्ती, धारूरचा किल्ला, सलाबतखानाने सोळाव्या शतकात बांधवलेली खजाना विहीर, हे सगळे दगडात आहे आणि हळूहळू झिजते आहे. काळ्या पाषाणावर एका बाजूने ऊन आणि दुसऱ्या बाजूला गडद सावली असते. अशा ठिकाणी मोठ्या सेन्सरची उजळ-काळोखाची पल्लेदार नोंद कामी येते. ट्रायपॉड लावण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे आणि देवस्थानाकडे परवानगीची विचारणा करावी.

अंबाजोगाईतच दासोपंतांची पासोडी आहे : पंचीकरणाचा विषय या संतकवीने ज्यावर लिहिला ते सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद कापड. त्याची इंचामागे ३०० बिंदूंची नोंद करायची तर, दोन चौकटींत ३० टक्के भाग सामाईक धरून, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला सुमारे १७० चौकटी लागतील. १०२ मेगापिक्सेलला सुमारे ३६. दोन्ही मार्गांनी अंतिम चित्र सारखेच होऊ शकते. पण जुने कापड दिव्याखाली कमी वेळ राहावे आणि त्याला कमी हात लागावेत, हे महत्त्वाचे असेल तर मीडियम फॉरमॅट भाड्याने आणण्याचा खर्च योग्य आहे. असे काम वस्त्रसंवर्धन जाणणाऱ्याच्या देखरेखीखालीच व्हावे.

खरेदी : भारतात डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्के झाला. त्यामुळे बिलाविना मिळणाऱ्या स्वस्त मालाचा मोह पूर्वीपेक्षा कमी व्हायला हवा. वापरलेली बॉडी घेताना शटर किती वेळा चालले ते पाहावे, पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ वर फोटो काढून सेन्सरवरचे डाग तपासावेत आणि लेन्सच्या आत टॉर्च मारून बुरशी शोधावी. बॉडी आणि प्रत्येक लेन्स यांचे क्रमांक बिलावर लिहून घ्यावेत. विम्याचा दावा करताना आणि चोरीची फिर्याद देताना ते क्रमांक विचारले जातात.