आग्वाद दीपगृह
आग्वाद दीपगृह : गोव्यातील ऐतिहासिक दीपगृह. बार्देस तालुक्यात, मांडवी नदीच्या मुखाच्या उत्तरेस समुद्रात घुसलेल्या भूशिरावर, आग्वाद किल्ल्याच्या वरच्या भागात ते उभे आहे. डचांच्या हल्ल्यांपासून नदीचे तोंड राखण्यासाठी पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये हा किल्ला पूर्ण केला. ‘आग्वा’ म्हणजे पाणी; येथील गोड्या पाण्याच्या झऱ्यावरून किल्ल्याला हे नाव मिळाले. लांबच्या प्रवासाहून आलेली जहाजे येथे पाणी भरून घेत.

चार मजली, गोल, पांढरे दीपगृह १८६४ मध्ये बांधले गेले. खाली रुंद व वर निमुळते होत गेलेले त्याचे टप्पे जांभ्याच्या तांबूस तटबंदीवर लगेच नजरेत भरतात. १९७६ मध्ये ते बंद झाले आणि जवळच्याच नव्या दीपगृहाने त्याचे काम हाती घेतले.

दीपगृहासमोरच्या मोकळ्या पटांगणाखाली पाण्याचे प्रचंड टाके असून त्याचे छत खांबांनी पेलले आहे. किल्ल्याच्या या भागाभोवती कोरडा खंदक आहे. तटावरून दक्षिणेला मांडवीचे मुख, तर उत्तरेला शिकेरी व कांदोळीचे किनारे दिसतात. माथ्यावर सावली अगदी कमी असल्याने सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर जाणे सोयीचे. पावसाळ्यात जांभा निसरडा होतो.

भूशिराच्या पायथ्याशी असलेल्या तुरुंगात पोर्तुगीज राजवटीने गोवा मुक्तिलढ्यातील अनेक सत्याग्रहींना डांबले होते. लढ्याचे नेते त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये येथेच ठेवण्यात आले होते. तेथे आता मुक्तिलढ्याचे संग्रहालय आहे.