फ्लायव्हील, क्लच आणि मालकाचा हात

मोटारींत बसणारास चाकें दिसतात, इंजिनाचा आवाज ऐकूं येतो. परंतु ह्या दोहोंची गांठ घालणारे क्लच व फ्लायव्हील हे भाग सहसा त्याच्या दृष्टीस पडत नाहींत. इंजिनांतील स्फोट थांबून थांबून होतात. मधल्या अवकाशांत गति टिकविण्याचें काम फ्लायव्हील हें जड चाक करतें. क्लच त्या चाकास घट्ट धरून राहिला कीं गाडी चालते; तो सुटला कीं इंजिन एकटेंच फिरत राहतें. क्लचचें सारें कार्य घर्षणावर चालतें, म्हणून तो झिजतो. झिजल्यावर तो कोणीं बदलावा, ह्या साध्या प्रश्नाचा इतिहास बोधप्रद आहे.

पहिल्या महायुद्धापूर्वींच्या पुष्कळ गाड्यांत क्लच शंकूच्या आकाराचा असून त्यावर चामडें चढविलेलें असे. चामडें वाळलें कीं गाडी हिसके देई, तेलकट झालें कीं क्लच घसरे. पहिल्या विकारावर एरंडेल व दुसऱ्यावर मुलतानी माती हे त्या काळचे उपाय होत. चामडें अगदींच झिजलें तर नवें कापून, ताणून, तांब्याच्या रिव्हेटांनीं बसवीत. रिव्हेटांचीं डोकीं चामड्याच्या पृष्ठाखालीं बुडालीं पाहिजेत, एवढी दक्षता घ्यावी लागे.

१९०८ सालीं अमेरिकेंत हेन्री फोर्ड ह्यांची मॉडेल टी गाडी निघाली. तिच्या फ्लायव्हीलवर १६ लोहचुंबक बसविलेले असत. ठिणगीसाठीं लागणारी वीज त्यांच्या फिरण्यानेंच उत्पन्न होई. फ्लायव्हीलला लागूनच असलेल्या गिअरांभोंवतीं ३ पोलादी पट्टे असत : एक सावकाश पुढें जाण्याचा, एक मागें जाण्याचा व एक ब्रेकचा. पट्ट्यांचें सुती अस्तर झिजलें कीं मालक तें बहुधा घरींच बदली. एखादा नट निसटून खालच्या तेलांत पडला तर मोठी अडचण होई, म्हणून आंत चिंध्या कोंबून मगच हत्यार उचलीत. पुढें जाण्याचा पट्टा फारच झिजला असेल तर चालक चढावर गाडी उलटी फिरवी आणि मागें जाण्याच्या गिअरनें टेंकडी चढे. कारखान्याचें माहितीपुस्तकही प्रश्नोत्तररूपानें, सामान्य शेतकऱ्यास समजेल अशा भाषेंत लिहिलेलें होतें.

ह्याच फ्लायव्हीलची दुसरी एक कथा आहे. तोंपर्यंत एक कामगार चुंबकांसह हा भाग सुमारें २० मिनिटांत एकट्यानें जुळवीत असे. १९१३ च्या एप्रिलांत हायलंड पार्क येथील कारखान्यांत तें काम सरकत्या रांगेवर २९ जणांत वांटून देण्यांत आलें, आणि वेळ १३ मिनिटें १० सेकंदांवर आला. पुढें सबंध गाडीच ह्या रीतीनें तयार होऊं लागली. प्रारंभीं ८५० डॉलरांना मिळणारी गाडी कालांतरानें ३०० डॉलरांच्याही आंत आली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या.

परंतु ह्या स्वस्ताईचें मोल कामगारानें दिलें. काल जो पूर्ण भाग जुळवी, तो आज दिवसभर एकच बोल्ट आवळूं लागला. आश्चर्य हें कीं, कारखान्यांत जें समग्र ज्ञान तुकडे तुकडे झालें, तेंच खेड्यांतील गोठ्यांत, झिजलेला पट्टा हातीं धरून बसलेल्या मालकानें पुन्हा एकत्र केलें.

१९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए मध्यें कोरडा क्लच व स्वतंत्र गिअरपेटी आली. चालविणें इतर गाड्यांसारखें झालें. मात्र क्लचपर्यंत पोंचण्यास आतां जड गिअरपेटी उतरविणें आवश्यक झालें. १९८५ मध्यें युरोपांत दोन वस्तुमानांचें, आंत स्प्रिंगा असलेलें फ्लायव्हील प्रचारांत आलें. त्यानें इंजिनाचे धक्के शोषले जातात. परंतु साध्या फ्लायव्हीलप्रमाणें तें लेथवर घासून पुन्हा वापरतां येत नाहीं. बिघडलें कीं बहुधा सबंधच बदलावें लागतें.

तरीही गाडी भक्कम टेकूंवर चढवून, गिअरपेटी उतरवून, हें काम घरीं करणारे लोक आजही आहेत. कांहीं पैसे वांचतात हें खरें. पण जें यंत्र आपणांस रोज वाहून नेतें, तें कशाच्या बळावर चालतें हें त्यांस कळतें, आणि हा लाभ त्याहून मोठा आहे.