मैदान बदलणे

गेल्या वसुबारसेची गोष्ट. आमच्या अंगणात किल्ल्याचे काम चालले होते. अंगण म्हणजे काय, इमारतीच्या पाण्याच्या टाकीमागची चार हात जागा! अकरा वर्षांचा आमचा नातू कोपरापर्यंत चिखलात बुडाला होता, आणि वर स्वयंपाकघरात त्याला न कळू देता त्याच्याविषयीच खलबत चालले होते.

विषय क्रिकेटचा. पोरगा चार वर्षे जवळच्या मैदानावरच्या एका लहानशा क्लबात जातो. तिथले सर साठीच्या घरातले. त्यांनीच त्याला बॅट धरायला शिकवली. आता दुसऱ्या एका मोठ्या क्लबाकडून बोलावणे आले होते. तिथे चार-चार नेट, हिरवळ, नामांकित प्रशिक्षक. चिरंजीवांचे म्हणणे, सोमवारपासूनच न्यावे. सूनबाईंचे म्हणणे, भर मोसमात नको आणि सरांना काय वाटेल? चकलीचा सोऱ्या फिरवता फिरवता तिचा हात मध्येच थांबे. शेवटी चिरंजीव माझ्याकडे वळून म्हणाले, "बाबा, तुम्ही जन्मभर इतिहास शिकवलात. तुमच्या इतिहासात कुणी क्लब बदलले आहेत की नाही?"

त्याने थट्टेने विचारले; पण निवृत्त मास्तराला प्रश्न विचारताना जपून विचारावा.

क्लब बदललेला पहिला मुलगा मला आठवला तो पुण्याचा. बाळू पालवणकर. जन्म 1876 च्या सुमाराचा, चर्मकार समाजातला. वडील लष्कराच्या नोकरीत. गोऱ्या साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि त्याचा भाऊ शिवराम खेळ शिकले. बाळूची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. खेळपट्टी झाडायची, रूळ फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे, पगार महिना 3 रुपये. 1892 च्या सुमारास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला. पगार 4 रुपये. म्हणजे वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, एका रुपयासाठी, या मुलाने मैदान बदलले. त्याच्या घरी खलबत झाले असेल असे वाटत नाही. त्या घरात एक रुपया हेच खलबत होते.

पण त्या रुपयाबरोबर दुसरेही काही मिळाले. पूना क्लबात ग्रेग नावाचा एक उत्तम फलंदाज होता. तो इतरांच्या आधी तासभर येई आणि बाळूला गोलंदाजी करायला लावी. मला बाद केलेस तर दर वेळी आठ आणे, असा त्याचा बोलीचा व्यवहार होता म्हणतात. खरा-खोटा ईश्वर जाणे. पण डावखुऱ्या बाळूची फिरकी तयार झाली ती त्या नेटमध्ये, यात शंका नाही. आणि तरी तिथे एक गोष्ट त्याला कधीच मिळाली नाही. इतकी वर्षे चेंडू टाकले, पण साहेबांनी त्याच्या हाती फलंदाजीसाठी बॅट एकदाही दिली नाही. फलंदाजी साहेबांची, गोलंदाजी नोकरांची!

मग पुण्यातल्या हिंदू क्लबाला युरोपियनांशी दोन हात करायचे होते, तेव्हा त्यांना बाळूची आठवण झाली. बराच वाद होऊन त्याला संघात घेतले. मैदानावर त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाच्या वेळी मात्र त्याला चहा मिळे तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात, आणि बाकीचे आत चिनी मातीच्या कपांतून पीत. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सत्कारात त्याच्या गळ्यात हार घातला, तेव्हा पुष्कळांचे डोळे थोडे उघडले. 1896 च्या प्लेगनंतर तो मुंबईला आला आणि तिथे हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. तिथेही काही सभासदांची कुरकुर होतीच. 1911 साली इंग्लंडला गेलेल्या पहिल्या हिंदी संघात त्याने शंभरावर बळी घेतले. कप्तानपद मात्र त्याला कधी दिले नाही. ते त्याच्या विठ्ठल या भावाला मिळाले, 1923 साली.

एवढे सांगून होईपर्यंत चकल्यांचा एक घाणा निघाला होता. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे ठीक, पण त्याला कुठे निवड होती? जिथे शिरू दिले तिथे तो गेला. आपल्याकडे दोन्ही दारे उघडी आहेत."

बोलणे खरे होते. म्हणून मी शंभरेक वर्षे पुढे आलो, शिवाजी पार्कवर.

हा मुलगा तुम्ही सारे ओळखता. 1984 चा उन्हाळा, सचिन तेंडुलकर अकरा वर्षांचा. थोरला भाऊ अजित त्याला रमाकांत आचरेकरांच्या शिबिरात घेऊन गेला. आचरेकर सर नेटजवळ उभे राहिले आणि पोरगा बावरला, त्याचे काही जमेना. तेव्हा अजितने सरांना विनवले, की त्याला दिसणार नाही अशा जागी दूर उभे राहून पाहा. सरांनी तसे पाहिले, आणि घेतले. मला या हकिकतीत त्या भावाचे फार कौतुक वाटते. पोरगे बावरले की आपण आईबाप त्यालाच दटावतो. अजितने पाहणाऱ्याची जागा बदलली.

शिबिर संपता संपता सरांनी सुचवले, की मुलाची शाळाच बदलावी. परगावच्या वाचकांसाठी इथे खुलासा केला पाहिजे. मुंबईत मुलांचे क्रिकेट फार मोठ्या प्रमाणात शाळांचे. लहानांसाठी जाइल्स शील्ड, मोठ्यांसाठी हॅरिस शील्ड. शाळेला संघ नसेल तर मुलाने या स्पर्धांत खेळावे कसे? तेव्हा शाळा हाच त्याचा क्लब. सचिनच्या वांद्र्याच्या शाळेत तशी सोय नव्हती. दादरच्या शारदाश्रमात सर स्वतः शिकवीत. आता वडील रमेश तेंडुलकर हे मराठीचे प्राध्यापक आणि कवी. माझ्यासारख्या मास्तराला वाटते, अशा घरात शाळा बदलायची तर गणित-भाषेसाठी, चेंडूफळीसाठी? पण त्यांनी मुलाला समोर बसवले. शाळा बदलायला आपली ना नाही, मात्र क्रिकेटचे खरोखर मनावर घेणार असशील तरच, असे त्याला सांगितले. अकरा वर्षांच्या मुलाला विचारले, हे लक्षात घ्या.

पुढचे काही सोपे नव्हते. वांद्रे ते दादर रोजचे बसचे हेलपाटे, पोर थकून जाई. शेवटी त्याला शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे ठेवावे लागले. आईबापांनी मुलगा दुसऱ्या घरी ठेवला, हा भाग आपण गौरवाच्या भरात वाचता वाचता ओलांडून जातो. आणि सरांच्या कामत मेमोरियल क्लबाकडून पहिल्या सामन्यात तो पहिल्याच चेंडूवर शून्यावर बाद झाला. दुसऱ्यातही शून्य. तिसऱ्यात एक धाव. आमच्या घरी असे झाले असते तर चौथ्या सामन्यापूर्वी आम्ही पुन्हा जुन्या क्लबाच्या दारात उभे असतो! फेब्रुवारी 1988 मध्ये त्याने आणि विनोद कांबळीने शारदाश्रमासाठी 664 धावांची भागी केली, ती नंतरची गोष्ट. त्याच सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने त्याला घेतले. तिथे अठरा वर्षांखालील मुलाला खेळाडूंच्या खोलीत मज्जाव होता. माधव आपटे अध्यक्ष असताना या मुलासाठी त्या नियमातून वाट काढण्यात आली. बाळूच्या हातातले मातीचे भांडे इथे मला आठवल्यावाचून राहत नाही.

आता इतिहासाच्या मास्तराने आपल्याच विषयाची एक खोड कबूल करायला हवी. तो जिंकलेल्यांची नावे ठेवतो. त्याच शिबिरातून, त्याच उमेदीने शाळा बदलून किती मुले गेली असतील आणि पुढे बँकेत चिकटली असतील! तेव्हा 'शाळा बदलली म्हणून सचिन झाला' हा हिशेब मी मांडत नाही. मी एवढेच पाहतो, की जुन्या जागी नेमके काय मिळत नव्हते ते त्या घराला ठाऊक होते. बदल सुटीत झाला, भर मोसमात नव्हे. आणि ज्याला जायचे त्याला विचारून झाला.

मला कुणी विचारले नव्हते. 1958 साली मी तेरा वर्षांचा. गिरगावात आमच्या गल्लीच्या टोकाला एक क्रीडामंडळ होते. ते चालवणारे गृहस्थ गिरणीतल्या पाळीवरून थेट मैदानावर येत आणि डब्यातली अर्धी पोळी आम्हाला देत. वडिलांनी एके दिवशी मला उचलून एका प्रतिष्ठित क्लबात घातले. का, तर कचेरीतल्या त्यांच्या साहेबांचा मुलगा तिथे होता. तिथे मी दोन मोसम पाणी नेण्याचे काम केले. त्याचे दुःख आता नाही. पण जुन्या मास्तरांना सांगायला ना वडील गेले, ना मी. ते संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभे असत, म्हणून मी दोन वर्षे मागच्या बोळातून घरी आलो. मग ते तिथे उभे राहीनासे झाले. गाव सोडून गेले, असे पुढे कळले.

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. चिरंजीव काही म्हणाले नाहीत. सूनबाईने गॅस बारीक केला.

मग मी खाली गेलो आणि चिखलातल्या किल्लेदाराला सरळ विचारले. त्याला सगळे ठाऊक होते. म्हणाला, "आजोबा, आमच्या नेटमध्ये तीस मुलं आहेत. माझ्या वाट्याला सहा बॉल येतात." थोडा वेळ बुरुज थापटला. "मला जायचंय. पण सरांना बाबांनी फोनवर नाही सांगायचं."

पाडव्याला संध्याकाळी आम्ही दोघे फराळाचा डबा घेऊन सरांकडे गेलो. दोन खोल्या, भिंतीवर पिवळी पडलेली संघांची छायाचित्रे. पोराने नमस्कार केला आणि एका दमात सांगून टाकले: मोसम संपेपर्यंत तुमच्याकडेच खेळतो, सगळे सामने खेळतो, उन्हाळ्याच्या सुटीत तिकडे जातो. सर त्याच्याकडे बघत राहिले. चष्मा काढून पुसला. मग उठून त्याला दाराजवळ उभे केले, कोपऱ्यातली बॅट हाती दिली आणि म्हणाले, "डावा खांदा अजून उघडतोस. मे महिन्यापर्यंत तो बंद झाला पाहिजे. नाहीतर तिकडचे लोक म्हणतील, हे कुठून आलंय." दहा मिनिटे त्या दारात पोरगा बिनचेंडूचे फटके मारीत राहिला आणि सर त्याचा खांदा धरून राहिले.

निघताना त्यांनी डबा उघडून एक चकली मोडली आणि मला विचारले, "भाजणी घरची का?"