शेवटच्या पानावरचा शेरा

आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालयात एक पाटी होती : ‘पुस्तकावर काहीही लिहू नये.’ ही पाटी कुणी पाळत नसे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर, तारखेच्या चिठ्ठीखाली, बारीक पेन्सिलीनं शेरे असायचे. ‘जरूर वाचा’, ‘मधली पन्नास पानं सोडा’, ‘शेवट पटला नाही’, आणि त्याखाली दुसऱ्या अक्षरात ‘मला पटला’. मी पुस्तक आधी उलटं उघडायचो. शेरा वाचायचा आणि मग ठरवायचं, घरी न्यायचं की फळीवर ठेवायचं. लिहिणारा कोण, त्याची जात कुठली, गल्ली कुठली, काही ठाऊक नसायचं. पण त्याचं मत मानावंसं वाटायचं.

एका वाचकानं दुसऱ्याला पुस्तक सांगायचं, ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. छापखाना नव्हता तेव्हाही ती होती. वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास, असा तेव्हाचा हिशेब. श्रीधरस्वामी नाझरेकरांनी 1702 साली ‘हरिविजय’ लिहिला, 1712 साली ‘पांडवप्रताप’ लिहिला, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा माणसांनीसुद्धा हे ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या कानांनी वाचले. शेजारच्या वाड्यात श्रावणात पोथी लागायची. माझी दादी ओसरीच्या कडेला, भिंतीला पाठ लावून बसायची. आमच्या घरात दखनी बोलली जाते. पण अभिमन्यूच्या मरणाला दादीच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि घरी येऊन ती तीच कथा आम्हा मुलांना दखनीत सांगायची. ‘वाचक’ या शब्दात मी दादीला धरतो.

मग छापील पुस्तकं आली आणि पुस्तकांची घरंही उभी राहिली. 1828 साली रत्नागिरीत, 1838 साली नगरला, 1840 साली नाशकात, 1848 साली पुण्यात. पुण्याच्या वाचनालयाच्या स्थापनेत लोकहितवादींचा, म्हणजे गोपाळ हरी देशमुखांचा, पुढाकार होता. त्याच साली भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये त्यांची शतपत्रं येऊ लागली. आपल्या लोकांनी जगाचं ज्ञान मिळवावं, ही त्यांची तळमळ होती.

पण एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. पुण्याच्या त्या संस्थेचं पहिलं नावच मुळी ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’. भर इंग्रजी पुस्तकांवर. वर्गणी भरून आत येणारा माणूस म्हणजे सरकारी नोकर, शिक्षक, वकील. दाराला कुलूप नव्हतं. पण शेतकरी, कारागीर, बायका, अस्पृश्य मानलेली माणसं यांना ते दार उघडं आहे असं वाटण्यासारखंही काही नव्हतं. रमाबाई रानडे यांच्या आठवणी 1910 साली प्रसिद्ध झाल्या. नवऱ्यानं शिकवलं म्हणून इंग्रजी वाचणाऱ्या या बाईंना घरातल्याच बायकांकडून काय काय ऐकून घ्यावं लागलं, ते त्यांनी लिहून ठेवलंय. न्यायमूर्तींच्या घरात ही तऱ्हा, तर इतर घरांचं काय बोलावं!

मराठी पुस्तकाला स्वतःचं घर मिळालं ते शतक संपता संपता. 1 जून 1893 रोजी ठाण्याला मराठी ग्रंथ संग्रहालय निघालं. विष्णु भास्कर पटवर्धन आणि ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे ही त्यामागची माणसं. मराठीत छापलेलं प्रत्येक पुस्तक मिळवायचं आणि जपायचं, असा त्यांचा ध्यास. पाच वर्षांनी, 1898 साली, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं. आपल्या भाषेतलं पुस्तकही फळीवर मानानं उभं राहू शकतं, हे त्या लोकांनी दाखवून दिलं.

तरीही पुस्तक शहरातच होतं. ते गावात नेलं बडोद्यानं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरात जन्मलेले सयाजीराव गायकवाड अमेरिका पाहून आले होते. तिथली वाचनालयं त्यांच्या मनात भरली. 1910 साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं. राज्यभर वाचनालयांचं जाळं विणलं गेलं. गावानं थोडी रक्कम उभी करायची, सरकारनं तीत भर घालायची. जिथं तेवढंही जमत नसे तिथं पुस्तकांची पेटी जायची. लाकडी पेटी, कुलूप, आत निवडक पुस्तकं. गावानं ती वाचायची आणि परत पाठवायची, मग दुसरी पेटी. माणूस पुस्तकापर्यंत येऊ शकत नसेल तर पुस्तकानं माणसापर्यंत जावं, इतका साधा विचार. पण तो करायला एक राजा लागला.

दुसरीकडे ज्यांना पेटीही मिळत नव्हती, त्यांनी स्वतःचा कागद काढला. 1920 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केलं. ज्यांच्यासाठी ते होतं, त्यातल्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं. म्हणजे पुन्हा तोच पोथीचा हिशेब, एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. फरक एवढाच की आता ऐकणाऱ्याची स्वतःची कथा कागदावर होती. आणि बाबासाहेबांनी दादरला ‘राजगृह’ बांधलं तेही पुस्तकांना जागा हवी म्हणून. हे घर ग्रंथांसाठी बांधलं, एवढं नुसतं सांगूनही कितीतरी मुलांच्या हातात पुस्तक आलं असेल.

कुठलं पुस्तक वाचावं, हे सांगण्याचं काम मासिकांनीही केलं. 1867 साली निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तारा’त नव्या पुस्तकांची परीक्षणं येत. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचंही ताट मांडलं गेलं. 1964 साली केशवराव कोठावळ्यांनी ‘ललित’ सुरू केलं. त्यात जयवंत दळवी ‘ठणठणपाळ’ या नावानं लिहीत आणि मोठमोठ्या लेखकांना चिमटे काढत. आमच्या गावी ‘ललित’चा एकच अंक यायचा आणि तो दहा हातांतून फिरून सुटा व्हायचा. 1967 साली महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा झाला, अ-ब-क-ड असे वर्ग आले, अनुदान आलं. त्या अनुदानावर तगलेल्या एका छोट्या वाचनालयात मी घडलो.

घडलो ते कसं, तेही सांगतो. 1983 साल असेल. मी चौदा वर्षांचा. सभासद व्हायला गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्जावरचं नाव वाचलं आणि मान वर न करता म्हणाले, “उर्दू पुस्तकं नाहीत इथं.” ते रागानं बोलले नाहीत. त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं. मला उर्दू वाचताच येत नव्हतं. मी मराठी शाळेत शिकत होतो. काय बोलावं सुचेना. अर्ज उचलला आणि दाराकडे वळलो.

कोपऱ्यात पेपर वाचत बसणाऱ्या एका निवृत्त गुरुजींनी हाक मारली, “इकडं ये रे. बस. शेख महंमद माहिताय का तुला?” मला वाटलं, गावातला कुणी असेल. गुरुजी हसले. म्हणाले, “श्रीगोंद्याचे. मोठे संत. मालोजीराजे भोसले त्यांना गुरू मानायचे. 1645 साली त्यांनी ‘योगसंग्राम’ लिहिला, ओवीत. मराठीत. तू आज आला नाहीस इथं, साडेतीनशे वर्षांपूर्वीच आलायस.” मग ते उठले, माझा अर्ज घेऊन टेबलाशी गेले आणि जामीनदार म्हणून स्वतः सही केली.

‘योगसंग्राम’ त्या वयात मला कळला नाही. निम्माही कळला नाही. पण तो ग्रंथ आहे, एवढं कळणंच पुरेसं होतं. त्यानंतर गुरुजींनी मला अमर शेख सांगितले, शेजारच्या बार्शीचे. हमीद दलवाईंची ‘इंधन’ सांगितली. 1990 साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा मी एकविशीत होतो, खिशात दोन कविता होत्या. मांडवात बसलो आणि गुरुजींची आठवण आली. अर्जावर सही केली नसती तर मी त्या मांडवात नसतो.

म्हणून पुस्तक सुचवणं ही मला किरकोळ गोष्ट वाटत नाही. ‘हे वाच’ म्हणताना आपण समोरच्याला ‘तू आमच्यातला’ असंही सांगत असतो. आणि ‘हे तुझ्यासाठी नाही’ म्हणताना त्याच्या तोंडावर दार लावत असतो, मग ते सहज बोलणं का असेना.

आज चित्र अगदीच निराशेचं नाही. 2017 साली महाबळेश्वरजवळचं भिलार पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या लोकांनी घरातल्या खोल्या पुस्तकांना दिल्या. कुणीही यावं, बसावं, वाचावं. नाशिकहून कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या लांबलांबच्या मराठी माणसांपर्यंत गेल्या. बडोद्याच्या पेटीनं घेतलेला हा नवा जन्मच म्हणायचा.

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. वाचनालय आहे. पाटीही आहे. ओळखीचं एक पुस्तक काढून शेवटचं पान उघडलं. चिठ्ठीवरची शेवटची तारीख 2019 सालची. त्यानंतर करोनात दारं बंद झाली, ती उघडल्यावर या पुस्तकाकडे कुणी फिरकलंच नव्हतं. खाली जुना शेरा मात्र होता : ‘जरूर वाचा.’

इकडंतिकडं पाहिलं. खिशातली पेन्सिल काढली आणि त्याखाली लिहिलं, ‘मीही वाचलं. खरंच वाचा.’ मग ते पुस्तक फळीवर न ठेवता टेबलाशी आलेल्या एका मुलीच्या हातात दिलं. तिचं नाव मी विचारलं नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)