कोल्हापूरचा कवी आणि त्याचा प्रकाशक

आमच्या शिरोळ परिसरातील घरांतून 'हिप्पी' हा शब्द अजूनही शिवीसारखाच उच्चारला जातो. नातवाने केस वाढविले की आजोबांच्या तोंडी तो हमखास येतो. लांब केस आणि गांजा, याहून त्या काळाने काही मागे ठेवले नाही, अशी आपली समजूत. आम्हीही त्याच समजुतीत वाढलो. पुण्यास सेमिनरीत असताना 'जेजुरी' हाती आली, आणि तिचा कवी अरुण कोलटकर हा आपल्या कोल्हापूरचा, राजाराम हायस्कूलचा विद्यार्थी, हे कळल्यावर अधिक शोध घ्यावासा वाटला.

अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरला. एलएसडीसारख्या द्रव्यांनी मनाची कवाडे उघडतात असे मानणाऱ्यांपैकी तो एक अग्रणी. पुढे तो कलकत्त्यास व काशीस जाऊन राहिला. त्या सुमारास मुंबईतील काही मराठी तरुण प्रस्थापित मासिकांकडे पाठ फिरवून स्वतःचे अंक काढीत होते. कोलटकर, दिलीप चित्रे आदी मित्रांनी १९५४ च्या सुमारासच 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढले होते. १९६३ मध्ये अशोक शहाणे यांचे 'असो' निघाले. त्याच वर्षी मराठी वाङ्मयावर 'क्ष' किरण टाकणारा लेख लिहून शहाण्यांनी वडीलधाऱ्या साहित्यिकांचा रोष ओढवून घेतला.

नशेतून ज्ञान होते, हे आम्हांस मान्य नाही. व्यसनाने मोडलेली घरे आम्ही फार जवळून पाहिली आहेत. तथापि त्या धामधुमीत जुळलेली कोलटकर-शहाणे मैत्री अखेरपर्यंत टिकली, हेही तितकेच खरे.

कोलटकर जाहिरातींच्या व्यवसायात नाव मिळविलेले चित्रकार. घरी टेलिफोन नाही, प्रसिद्धीची हौस नाही. काळा घोडा येथील वेसाइड इनमध्ये गुरुवारी दुपारी मित्रांबरोबर बसावे, कविता लिहावी आणि ती तशीच ठेवून द्यावी. अशा माणसाला प्रकाशक कोठून मिळणार? मित्रच प्रकाशक झाला. शहाण्यांच्या 'प्रास प्रकाशना'ने १९७७ मध्ये 'अरुण कोलटकरच्या कविता' काढले. अक्षरांची निवड, मुद्रिते, कागद यांत शहाण्यांचा हात बसलेला. मुखपृष्ठ कवीचे स्वतःचे. त्यानंतर मराठी संग्रहासाठी पाव शतक वाट पाहावी लागली. एवढा काळ थांबणारा प्रकाशक व्यापारी असूच शकत नाही!

कोलटकरांना कर्करोगाने गाठले तेव्हा कामास वेग आला. 'भिजकी वही', 'चिरीमिरी' आणि इंग्रजीतील 'काळा घोडा पोएम्स' व 'सर्पसत्र' ही पुस्तके अखेरच्या एक-दोन वर्षांत 'प्रास'कडूनच बाहेर पडली. २५ सप्टेंबर २००४ रोजी पुण्यास कवीचे निधन झाले. 'भिजकी वही'ला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो स्वीकारावयास ते नव्हते.

या वहीत जगभरच्या रडणाऱ्या स्त्रिया आहेत. त्यांत हायपेशियाही आहे. इ.स. ४१५ मध्ये अलेक्झांड्रियात ख्रिस्ती म्हणविणाऱ्या जमावाने तिची हत्या केली. त्या कवितेपाशी आम्ही प्रथम पुस्तक मिटून ठेवले होते. काही दिवसांनी पुन्हा उघडले.

२००९ मध्ये कोलटकरांच्या विखुरलेल्या इंग्रजी कविता व भाषांतरे अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी 'द बोटराइड' या नावाने संपादित केली. मेहरोत्राही त्यांचे मित्रच. प्रकाशकाच्या जागी पुन्हा तेच नाव होते, 'प्रास'.