धुराड्याची काजळी

गृहस्थाच्या घरी चुलीला आपण देवतेचा मान देतो. पहाटे चूल सारवावी, हळदकुंकू वाहावे आणि मगच अग्नी चेतवावा, अशी चाल कित्येक घरांत होती. परंतु त्या अग्नीचा धूर कोठे जावा, याचा विचार जुन्या घरबांधणीत फारसा झालेला दिसत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील वारासिवनीकडची जुनी घरे मातीच्या भिंतींची व कवेलूंच्या छपरांची. धूर कवेलूंच्या फटींतून वाट काढी. त्याने आढ्याच्या लाकडास कीड लागत नाही, म्हणून तो उपकारकही मानला जाई. त्या उपकाराचे मोल मात्र चुलीपुढे बसणाऱ्या माउलीचे डोळे आणि छाती यांनी चुकते केले.

या धुरास बाहेरची वाट दाखविण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न वर्ध्याच्या मगनवाडीत झाला. १९३४ साली निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ते ठाणे. १९४७ च्या सुमारास तेथून धुराड्याची 'मगन चूल' लोकांपुढे आली. वर्धा आणि बालाघाट हे जिल्हे तेव्हा एकाच प्रांतात होते व नागपूर ही दोघांची राजधानी होती. त्यांच्यामध्ये राज्याची सीमा आली ती १९५६ साली. पुढे हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांनी १९५३ साली निर्धूर स्वयंपाकघरांवर पुस्तिका लिहिली, आणि १९८३ पासून केंद्र सरकारने देशभर सुधारित चुलींची योजना चालविली.

एवढे होऊनही धूर का राहिला? आमच्या मते, धुराडे बसविण्याचा उत्साह सर्वांना होता. ते झाडण्याचे काम कोणाचेच नव्हते. ओडिशातील अशाच चुलींची काही वर्षे पाहणी करून २०१२ साली अभ्यासकांनी जे मांडले, त्याचा आशय हाच होता: पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पण पुढे नीट वापर व डागडुजी न झाल्याने तो लाभ उरला नाही.

याचे कारण साधे आहे. तापलेला धूर हलका होऊन वर चढतो व मागची हवा ओढून घेतो. ओले लाकूड नीट जळत नाही. त्याची काजळी व डांबरासारखा चिकटा नळाच्या आत बसतो. नळ अरुंद झाला की धूर घरात परततो आणि त्याबरोबर वास नसलेला विषारी वायूही येतो. शिवाय ही काजळी स्वतःच पेट घेते. गवती छपराजवळ तशी ठिणगी पडली, तर घर राहत नाही.

म्हणून ज्या घरी आजही लाकडे जळतात, तेथे चूल पूर्ण थंड असताना धुराडे नियमाने झाडावे. दोरीला काथ्याचा बोळा व वजन बांधून ते वरून खालपर्यंत फिरवावे. लाकूड वाळलेले असावे. नळाचे तोंड आढ्याच्या वर असावे, छपराशी त्याचा स्पर्श नसावा, आणि फुटलेला सांधा त्वरित लिंपावा.

२०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस खेड्यांत पोहोचला. तरी मागील दारची चूल अनेक घरी विझलेली नाही, आणि उत्सवाच्या महाप्रसादाला मोठे चुलाणे लागतेच. देवळाच्या कार्यकर्त्यांनी उत्सवापूर्वी गाभारा धुताना मुदपाकखान्याचे धुराडेही झाडून घ्यावे, आणि घरी हे काम पुरुषांनी अंगावर घ्यावे, एवढी आमची विनंती आहे. नैवेद्य रांधणाऱ्या हातांची काळजी हाही सेवेचाच भाग होय.