यंत्रराजाचे दुखणे

दिल्लीच्या उत्तरेकडील टेकडीवर एक मराठी नाव आजही नांदत आहे. कागलचे हिंदूराव घाटगे हे बायजाबाई शिंदे यांचे बंधू. कंपनी सरकारचा अधिकारी विल्यम फ्रेझर याचा १८३५ साली खून झाला आणि पुढे त्याचा टेकडीवरील बंगला हिंदूरावांकडे आला. कालांतराने तेथे रुग्णालय झाले; नाव मात्र हिंदूरावांचेच राहिले. त्या आवारात ‘पीर गायब’ नावाची जुनी दगडी इमारत आहे. फिरोजशहा तुघलकाच्या शिकारमहालाचा तो अवशेष मानला जातो. तिच्या छतातून आरपार गेलेली नळीसारखी पोकळ बांधणी आकाशवेधासाठी असावी, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे.

तर्क खरा असो वा नसो, फिरोजशहाला ज्योतिर्यंत्रांची आवड होती हे निश्चित. त्याच्याच आश्रयाने महेंद्रसूरी या जैन पंडिताने १३७० मध्ये ‘यंत्रराज’ हा ग्रंथ रचला. फारसी जगात ज्याला ‘उस्तुरलाब’ म्हणत, त्या यंत्रावरील संस्कृतातील हा पहिला ग्रंथ होय. तळहाताएवढ्या पितळी तबकडीवर वेळ, लग्न, सूर्योदय, एखाद्या मनोऱ्याची उंचीसुद्धा काढता येई. आजच्या भाषेत बोलायचे तर तो प्रवासात नेता येणारा गणकच होता.

असे जुने यंत्र हाती आले आणि त्याचे उत्तर चुकू लागले, तर दोष शोधावा कोठे? प्रथम नजर धातूकडे जाते. ताऱ्याचा वेध घेण्याची पट्टी वाकली आहे काय? मधल्या खिळ्याला आवळून धरणारी पाचर सैल आहे काय? या पाचरीला अरबीत ‘फरस’, म्हणजे घोडा, म्हणतात. हा घोडा ढिला पडला की तबकड्या सरकतात. हे दोष कुशल तांबटही दूर करील.

त्यानंतर अक्षपत्र तपासावे. ही आतली तबकडी एका विशिष्ट अक्षांशासाठीच कोरलेली असते. ध्रुवतारा दिल्लीत क्षितिजापासून सुमारे साडेअठ्ठावीस अंश वर दिसतो, तर पुण्यात साडेअठरा. दिल्लीचे अक्षपत्र घेऊन पुण्यात बसणाऱ्याने यंत्राला बोल लावण्यात अर्थ नाही. म्हणूनच जाणते कारागीर एका यंत्रात अनेक गावांची अक्षपत्रे घालीत.

एवढे करूनही उत्तर चुकते, तेव्हा खरे दुखणे कळते. वरच्या जाळीदार भपत्रावर ताऱ्यांची टोके असतात. अयनचलनामुळे ताऱ्यांची संपातापासूनची अंतरे सुमारे ७२ वर्षांत एक अंशाने वाढतात. १३७० पासून आजवर हा फरक नऊ अंशांवर गेला आहे. तेव्हाचे भपत्र घेऊन आज रात्रीची वेळ काढली, तर उत्तर सुमारे अर्ध्या तासाने चुकेल. पितळ जसेच्या तसे आहे. आकाश पुढे गेले आहे. सूर्यसिद्धान्ताने अयनगती वर्षाला ५४ विकला धरली, आधुनिक वेधांनी ती ५०.३ ठरते. महाराष्ट्रात पंचांगशुद्धीचा जो दीर्घ वाद झाला, त्याच्या मुळाशीही हाच प्रश्न होता. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात त्याचा सविस्तर ऊहापोह केला आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतील सुटसुटीत संगणकांनाही असेच दुखणे जडते. आतली इवलीशी विद्युत्घटिका संपली, की यंत्र तारीख व स्वतःची जुळणी विसरते आणि कित्येकदा सुरूच होत नाही. तेथे नवी घटिका बसवून, तारीख सांगून काम भागते.

यंत्रराजाला मात्र नवी तारीख सांगायची, तर ताऱ्यांची टोकेच नव्याने घडवावी लागतात. तसे केले तर वेळ बरोबर येईल, पण एक मोलाची साक्ष पुसली जाईल. कारण ताऱ्यांच्या त्या चुकलेल्या जागांवरूनच यंत्र कोणत्या काळातील, याचा अंदाज बांधता येतो. कारागिराने जुनी सारणी उतरवली असेल, तर हा अंदाज फसतो. म्हणून अक्षरवळण आणि घडणही जोडीला पाहावी लागते. वापरायचे यंत्र दुरुस्त करावे, त्यासाठी वाटल्यास नवे भपत्र वेगळे घडवावे. मूळ भपत्राला कानस लावण्यापूर्वी मात्र ते कोणत्या वर्षाचे आकाश दाखवीत आहे, हे विचारून घ्यावे.